मास्तरांनी खोडायला लावलेला आकडा

आदिलाबाद जिल्ह्यात, तामसी मंडलातल्या आमच्या गावी यशवंतराव मास्तर एकवीस वर्षं विज्ञान शिकवत आले. वरून सोडलेल्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती वाढतो, हे मोजायचा प्रयोग दरवर्षी असे. शाळेच्या माडीवरून लोखंडी गोळी सोडायची, खाली घड्याळ धरायचं. उंची चार मीटर नव्वद, वेळ एक सेकंद, उत्तर नऊ दशांश आठ. पुढं माडी पाडून बसकी नवी इमारत झाली. प्रयोग बंद पडला, पण मुलं जुन्या वह्यांतून तेच आकडे उतरवत राहिली आणि मास्तर सही करत राहिले.

अमृतरावांची मुलगी दीपमाला मात्र एके वर्षी नव्या इमारतीच्या स्लॅबवर चढली. उंची टेपनं मोजली, आईच्या भाजीच्या तराजूतलं वजन खाली सोडलं, मोबाईलवर वेळ घेतली. वही घेऊन ती मास्तरांपुढं उभी राहिली.

“सर, तीनदा टाकून पाह्यलं. आठ दशांश नऊच येऊन राह्यलं.”

“पृथ्वी तुह्यासाठी येगळी वढते का वं? खोड ते, अन् जुन्या वहीतलं लिही.”

वर्ग हसला. तिनं खोडलं आणि जुने आकडे उतरवले.

आठवड्यानं आदिलाबादहून एक अधिकारी जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी एक मूल निवडायला आले. दीपमालाची वही त्यांना आवडली, तिचं नाव त्यांनी यादीत लिहिलं. मग त्यांनी दारातून स्लॅबकडं पाहिलं आणि टेप मागवला. उंची भरली तीन मीटर साठ. चार नव्वद कुणी मोजले, असं त्यांनी तेलुगूत विचारलं. दीपमालानं एकदा मास्तरांकडं पाहिलं. मास्तर हातातल्या खडूकडं पाहत होते. मग ती म्हणाली, आपण मोजलंच नाही, दुसऱ्याचं उतरवलं. अधिकाऱ्यांनी तिचं नाव कापलं.

ते गेल्यावर मास्तरांनी तिला हळूच विचारलं, “माहं नाव काऊन नाही सांगितलं?”

“तुमी तिथंच उभे होते न, सर. मले वाटलं, तुमी सांगसान.”

सकाळच्या बसनं मास्तर आदिलाबादला गेले, मोडक्या तेलुगूत सगळं कबूल केलं. अधिकाऱ्यांनी ऐकून घेतलं. यादी मात्र पुढं गेली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भरवर्गात तेच सांगितलं. या वेळी कुणी हसलं नाही. दीपमालानं मान वर केली नाही. लाज आपली, ती या पोरीनं काऊन घ्यावी, असं मास्तरांच्या मनात आलं; पण तिच्या बाकाजवळ न जाता ते फळ्याकडं वळले.