कडुनिंबाला लावलेलं डांबर

सिहोऱ्याच्या रस्त्यावर डांबर पडतंय. वास घरात आला तशी ह्यांनी खिडकी लावून घेतली.

मला ती जुनी दुपार आठवली. अंगणातल्या कडुनिंबाची छपराच्या कवेलूंवर झुकलेली फांदी ह्यांनी तोडली होती आणि शिडीवर चढून त्या ओल्या, पांढऱ्या जखमेवर गरम डांबर फासत होते. खाली सासूबाई उभ्या होत्या.

"चांगलं चोपड रे, त्याले दुखत असन."

"लावून राहिलो ना, माय. आता कीड नाही लागत."

काळं डांबर उन्हात चकाकत होतं. आम्हा तिघांनाही बरं वाटलं.

काही वर्षांनी तिथलीच दुसरी फांदी वारा नसताना मोडली. खाली सासूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्या वाचल्या नाहीत. झाड कापलं तेव्हा डांबराच्या आत लाकडाचा ओला भुसा झालेला दिसला. भेटायला आलेले म्हणाले, "डांबर कमी पडलं." ह्यांनीही मान डोलावली.

आमची लेक आता शेतकी शिकते. परवा ती म्हणाली, "आई, कापलेली जागा उघडीच ठेवावी लागते. झाड आपली जखम आपणच बुजवते. डांबरानं ओल कोंडते अन् आतून सडते. बाबाले सांगू का?"

"नको," मी म्हणाले. "डांबर कमी पडलं, एवढंच त्याईले कसंतरी सोसवते."