वरची भोकं

माझ्यावर सगळ्यात मोठे उपकार कुणाचे, असं विचारलं तर मी महादप्पांचं नाव घेईन. मी सगळ्यात जास्त चिडलो तेही त्यांच्यावरच.

तेलगावच्या रस्त्याला त्यांचं पत्र्याचं वर्कशॉप होतं. वसतिगृहांसाठी, मंगल कार्यालयांसाठी ते उघड्यावर ठेवायच्या, लाकडावर पेटणाऱ्या भट्ट्या बनवत. भट्टीच्या वरच्या अंगाला भोकांची रांग असे. तिथून वारा आत गेला की धूरच पेट घेई, बाहेर फारसा येत नसे. लोकांना मात्र वाटे, भोकांतून आच वाया जाते. ते शेणमातीने भोकं लिंपून टाकत. मग कपाळावर भस्म लावलेले अप्पा लोखंडी गज घेऊन दारात उभे राहत. "भोकं बुजवली कामून रे? तुझं नाक बुजवू का?"

माझी माय वडवणीच्या एका वसतिगृहात पोरांच्या आंघोळीचं पाणी तापवायची. अप्पांची भट्टी आली आणि तिचा खोकला थांबला. ती कामावर टिकली म्हणून मी बीडला कॉलेजात टिकलो. आमच्या घरातला पहिलाच.

मग नवे रेक्टर आले. सरपण वाचावं म्हणून त्यांनी भोकं लिंपायला लावली. अप्पांनी येऊन फोडली. रेक्टर हसले. "अप्पा, घरोघर डिश आली, जग कुठं चाललंय, आणि तुम्ही अजून भोकंच पाडताय!" पुढच्या खेपेला अप्पा आले तर भोकांत सिमेंट. त्यांनी गज फेकला. "आता ह्या दारात पाय ठिवनार न्हाई! मरा धुरात!"

मरणार कोण होतं? सुट्टीत गेलो तेव्हा माय पदराने डोळे पुसत जाळ फुंकत होती. "तू काई बोलू नकू रे, काम जाईल," म्हणाली. मी तिथेच एक पोस्टकार्ड लिहून अप्पांना टाकलं.

अप्पा छिन्नी-हातोडा घेऊन आले. एकही शिवी न देता सिमेंट फोडत राहिले. रेक्टर आडवे आले तेव्हा म्हणाले, "सायेब, हितं बसा घटकाभर. मंग खुशाल लिंपा." रेक्टर बसले नाहीत. भोकंही पुन्हा लिंपली नाहीत. त्यानंतर दर बाजाराच्या दिवशी अप्पा भट्टी बघून जायचे. त्या कार्डाबद्दल मात्र मरेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मी लिहिलं होतं :

"महादप्पांस नमस्कार. तुम्ही रेक्टरवर चिडलात. पण रेक्टर भट्टीपुढे बसत नाहीत, माझी माय बसते. अपमान झाला म्हणून तुम्ही यायचं बंद केलं. तिला ती सोय नाही. भट्टीवर तुमचं नाव आहे. ते खरवडायला तरी या."