बाभळीची बांधलेली फांदी

शुक्रवार, सकाळचे पाच चाळीस. बरिंगो तळ्याच्या पश्चिमेच्या काळ्या कड्याखाली जोशुआ कंदागोर दुर्बिणीचे तीन पाय दगडांत घट्ट बसवून उभा होता. उजेड अजून पुरेसा नव्हता. कड्यावर कोण जागं झालं आहे, हे तो कानांनीच मोजत होता.

शेजारी घडीच्या स्टुलावर मिसेस ओगुटु बसल्या होत्या. किसुमूच्या शाळेतून निवृत्त झालेल्या या बाई गेली सात वर्षं दर फेब्रुवारीत इथे येतात आणि गाइड म्हणून फक्त कंदागोरला मागतात. त्या त्याला मास्तर म्हणतात. थोड्या वेळाने कपारी दिसायला लागल्या.

"मास्तर, ती कपारीतली कोण?"

"साळुंकी. साधीच."

बाईंनी दुर्बिणीला डोळा लावला. "कपाळावर झुपका आहे की तिच्या."

कंदागोरने पाहिलं. झुपका होता. नवशिक्या गाइडलाही ती झुपकेवाली साळुंकी चुकत नाही.

"बायकोने घराबाहेर झोपवलं काय रात्री?"

"बायको चांगली आहे, मॅडम."

"म्हणजे तुम्ही काहीतरी केलंय."

त्याने दुर्बीण पुढच्या कपारीकडे वळवली. मंगळवारपासून तो कोणाशीच फारसं बोलला नव्हता.

कंदागोर एकोणपन्नास वर्षांचा आहे. जन्म तळ्याकाठचा, टुगेन जमातीच्या घरातला. लहानपणी त्याने गलोलीने जेवढे पक्षी पाडले, तेवढे नंतर बहुतेक पाहुण्यांना आयुष्यात पाहायलाही मिळाले नाहीत, असं तो स्वतःच सांगतो. एकोणीस वर्षांपूर्वी त्याने गळ्यात दुर्बीण घातली. नुसत्या आवाजावरून तो सव्वातीनशे पक्षी ओळखतो. तळं वाढत गेलं तेव्हा त्याचं जुनं घर पाण्याखाली गेलं, पण त्याची तो फारशी चर्चा करत नाही. त्याच पाण्यात काठावरच्या बाभळी मेल्या आणि त्यांवरची घुबडं वर गावात आली, हे मात्र तो प्रत्येकाला सांगतो.

त्यांतली एक जोडी आठ वर्षांपूर्वी ताप्किगेन या म्हातारीच्या अंगणातल्या बाभळीवर आली. पांढऱ्या तोंडाची, वीतभर उंचीची घुबडं. म्हातारीला सगळं गाव कोगो म्हणतं, म्हणजे आजी. घुबड घरावर बोललं की घरातलं माणूस जातं, असं इथे मानतात. कोगोने दगड गोळा करून ठेवले होते. कंदागोर पाच दिवस रोज तिच्या दारात जाऊन बसला आणि तिला दुर्बिणीतून ती जोडी दाखवत राहिला. सहाव्या दिवशी तिने ते दगड शेळ्यांच्या कुंपणाला लावले. आता घुबडं तिची आहेत. पाहुणे मोठ्याने बोलले तर ती त्यांना काठी दाखवते.

घरट्याजवळची फांदी तोडायची नाही, हा इथल्या गाइडांचा नियम कंदागोरनेच केला. फोटोवाल्याला पान आड येत असेल तर फांदीला दोरी अडकवून ती बाजूला ओढायची, तीही दहा मिनिटंच. आणि दोरीचं टोक गाइडने स्वतःच्या हातात धरायचं. गाठ मारायची नाही. "हात दुखायला लागला की पक्ष्याला त्रास होतोय असं समजा," हे त्याचं वाक्य नव्या गाइडांना पाठ असतं.

मंगळवारी सव्वाअकराला त्याने गाठ मारली. बरोबरच्या फोटोवाल्याला दुर्बिणीवरही कॅमेरा लावून हवा होता आणि त्या कामाला कंदागोरचे दोन्ही हात लागणार होते. कोगो बाजाराला गेली होती. चार मिनिटांनी फोन वाजला. त्याचा सोबती गाइड पार्सालाच पलीकडच्या खडकाळ माळावरून बोलत होता. "धाविक पक्ष्यांची जोडी बसलीय. शेळ्या इकडेच यायला लागल्यात. येतोस तर पळत ये!" ते पळत गेले. धाविक दिसले. फोटोवाल्याने कंदागोरला मिठी मारली.

चार वाजता चहाचा कप तोंडाशी नेताना त्याला खिशात दोरी लागली नाही.

तो पोचला तेव्हा साडेचार झाले होते. घरट्यावर सावली धरणारी तेवढी एकच फांदी होती. छत्तीस अंशांच्या उन्हात घुबडाची मादी पंख पसरून बसली होती, पण तिच्या पंखांखाली एकच पिल्लू मावत होतं. दुसरं कडेला मान टाकून पडलं होतं. कंदागोरने गाठ सोडली, दोरी खिशात घातली आणि कोणी पाहायच्या आत तिथून निघाला. त्यानंतर तो तिकडे फिरकला नव्हता.

"आता घुबडाकडे," मिसेस ओगुटु आठ वाजता स्टूल मिटत म्हणाल्या.

"आज तळ्यावर जाऊ या. खंड्या भरपूर आहेत."

"खंड्या मला माझ्या न्हाणीघराच्या खिडकीतून दिसतो. चला."

कोगोच्या अंगणात शिरताना कंदागोरला पहिल्यांदा दिसली ती चूल. ती जागेवर नव्हती. एरवी बाभळीजवळ, छपराच्या सावलीत असायची. आता कुंपणापलीकडे उघड्या माळावर तीन दगड मांडलेले होते आणि कोगो तिथे उन्हात वाकून मक्याच्या पिठाच्या उगालीचं पातेलं ढवळत होती. तिच्या कपाळाची कातडी सोलली होती.

"आलास का रे? किती दिवस वाट बघतेय," ती म्हणाली. "तुला सांगायचं होतं. एक पिल्लू गेलं."

कंदागोरने खांद्यावरची दुर्बीण खाली टेकवली.

"बुधवारी खाली पडलेलं सापडलं. माझ्या धुरानेच गेलं ते. सोमवारी ओली लाकडं जाळली मी. आठ वर्षं घुबड माझ्या घरावर बोललं, माझं कोणी नेलं नाही त्याने. मीच त्याचं पोर नेलं." तिने डाव पातेल्यावर आपटला. "म्हणून चूल इकडे आणली. तू रागावू नकोस."

मिसेस ओगुटुंना टुगेन भाषा येत नाही. त्यांनी म्हातारीच्या कपाळाकडे पाहिलं, मग कंदागोरकडे.

तो गप्प राहिला असता तर काहीच झालं नसतं. दुसऱ्या दिवशी सहा पाहुणे यायचे होते, तेही खास या घुबडासाठी, त्याचं नाव ऐकून. कोगो दारात हसून उभी राहिली असती आणि सबंध मोसम उन्हात स्वयंपाक करत राहिली असती.

"धुराने नाही गेलं, कोगो," तो म्हणाला. "मी फांदी बांधली. मंगळवारी. सोडायची विसरलो. पाच तास ऊन लागलं."

"कोणी बांधली?"

"मी."

"गाठ मारून?"

"गाठ मारून."

कोगो ढवळायची थांबली. "आणि आलास तेव्हा माझ्या घरी कोणी नव्हतं, म्हणून गप्प निघून गेलास."

"हो."

"अरे, मग मी तीन दिवस इथे भाजून कशाला घेतेय? शेजारणी हसतात मला, म्हातारीला वेड लागलं म्हणून!" तिने पातेलं उतरवलं आणि राखेवर माती लोटली. "उचल ते दगड."

दगड अजून गरम होते. टोपीत धरून त्याने एकेक करून तिन्ही छपराखाली नेले आणि जुन्या खुणांवर बसवले. वर मादी डोळे मिटून बसली होती. तिच्या पोटाखालून एक पांढरं तोंड डोकावत होतं. त्याने एकदाच वर पाहिलं.

कोगोने त्याला कुंपणाबाहेर घालवलं आणि वाटेवर काटेरी फांदी ओढली.

"ते पिल्लू उडेपर्यंत कोणी यायचं नाही. तू तर नाहीच. मी बघीन."

"पाहुण्यांना काय सांगू?"

"आत्ता मला सांगितलंस तेच."

वाटेत कंदागोरने मिसेस ओगुटुंना सगळं सांगितलं.

"पस्तीस वर्षं पोरांच्या चुका काढल्या मी," त्या म्हणाल्या. "आपणहून सांगणारी फार थोडी निघाली. पण पिल्लू गेलं ते गेलंच, मास्तर. त्याला काही उतारा नाही."

"माहीत आहे."

"सातव्या वर्षी घुबडाशिवाय घरी जाणार मी. उद्या निदान साळुंकीचा झुपका तरी नीट बघा."

गाइडांच्या कंपनीच्या छपरीत एक फळा आहे. कोणता पक्षी कुठे बसला आहे, ते गाइड त्यावर लिहितात. साडेनऊला कंदागोरने 'कोगोचं घुबड' या ओळीपुढे लिहिलं: बंद. फांदी मी गाठ मारून बांधली, पिल्लू मेलं. जोशुआ कंदागोर.

पार्सालाचने ते वाचलं. "एवढं लिहायची काय गरज होती? नुसतं बंद लिहिलंस तरी चाललं असतं."

"नव्या पोरांना कारण लागतं," कंदागोर म्हणाला आणि खडू खाली ठेवला.

उद्या शनिवार. सहा पाहुणे पाच चाळीसला कड्याखाली असतील, आठ वाजता होडी आहे. पाहुण्यांच्या कार्यक्रमाच्या कागदावर अकरा ते साडेबारा 'घुबड' असं छापलेलं होतं. ती ओळ खोडली आहे आणि तिथे दुसरं काही लिहिलेलं नाही.