लोलाच्या शेजारची जागा

बाप्तिस्म्याला इतर मुलींना सोन्याची कर्णफुलं मिळतात. पेर्लाला तिच्या आजोबांनी, लोलो फेर्मिननी, कबर घेऊन दिली. कॅलिफोर्नियातल्या स्टॉक्टनच्या दफनभूमीत एका ओळीत तीन जागा: उजवीकडची स्वतःला, मधली बायकोला म्हणजे पेर्लाच्या आजीला, लोला बासिलियाला, आणि डावीकडची पाळण्यातल्या नातीला. शाळेत हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

"भाड्याच्या खोल्यांतून आम्हाला कितीदा हाकललं, माहीत आहे?" लोलो म्हणायचे. "तिथून तुला कुणी उठवणार नाही."

फिलिपिन्समधल्या इलोकोसहून तरुणपणी बोटीने आलेल्या या माणसाने सगळं आयुष्य वाकून काढलं. वसंतात स्टॉक्टनला शतावरीचे कोंभ कापायचे, उन्हाळ्यात अलास्काला मासे डब्यात भरायचे, तिथून परत आले की द्राक्षं. बायको घरी एकटी. त्यात माणूस दिलदार. अर्थात दिलदार हा शब्द बाहेरच्यांचा, घरच्यांच्या तोंडी वेगळे शब्द होते. थंडीत कोट घालून बाहेर पडले की हमखास नुसत्या शर्टावर परत यायचे. पेर्लाची सायकल अशीच एका दुपारी कुणाच्या तरी पोराकडे गेली. दर रविवारी त्यांच्या मजूर टोळीतले सडेफटिंग म्हातारे जेवायला हजर. त्यांच्या तरुणपणी या मुलखात फिलिपिनो बायका औषधालाही नव्हत्या आणि गोऱ्या बाईशी लग्न करायला कायद्याने बंदी, म्हणून ते तसेच राहिलेले. पेर्ला त्यांना मानोंग म्हणायची, दादा म्हणतात तसं. लोला त्यांच्यासाठी पातेलंभर पिनाकबेत शिजवायची आणि तळाशी चिकटलेली वांगी-कारली स्वतः खायची.

"तुमचा कोट कुठे आहे? उद्या काय घालणार?" ती विचारायची.

"बघू की," लोलो म्हणायचे. कुठल्याही प्रश्नाला त्यांचं तेवढंच उत्तर होतं.

जाण्यापूर्वी लोलाने पेर्लाचा हात घट्ट धरला. "जन्मभर हा हंगामांच्या मागे धावला गं. मेल्यावर तरी माझ्या शेजारी झोपू दे त्याला. तू बघशील ना?" पेर्लाने शब्द दिला. जागा घेऊनच ठेवलेली होती, त्यामुळे तिला ते काम सोपं वाटलं.

त्यानंतरच्या नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, ती साक्रामेंटोच्या इस्पितळातल्या नोकरीतून रजा काढून आली. मानोंग तासियो गेल्याचं तिला कळलं होतं, कुठे पुरलं ते मात्र कुणी बोललं नव्हतं. नैवेद्याचं ताट घेऊन ती लोलोंबरोबर लोलाच्या कबरीपाशी पोचली, तर उजवीकडे ताजी माती आणि लाकडी क्रूसावर तासियोचं नाव.

"लोलो, हे काय आहे?"

"तासियो आहे."

"ते दिसतंय मला! तुमच्या जागेत काय करताहेत ते?"

"त्याला कुणी नव्हतं. पलीकडे बेवारशांत टाकणार होते. तिथे नाव नाही, गाव नाही."

"आणि लोलाच्या शेजारी परका बाप्या चालतो?"

"परका कसला? इतकी वर्षं तिच्या हातचं जेवला. शिवाय मधे चांगलं हातभर अंतर आहे."

पेर्लाने कपाळावर हात मारला. "आणि तुम्ही कुठे जाणार?"

लोलोंनी भाताच्या गोड केकचा तुकडा तोडला आणि तोही आधी तासियोपुढे ठेवला. "बघू की."

त्या ओळीत आता एकही जागा शिल्लक नव्हती. तासियोला दुसरीकडे हलवा म्हणून पेर्ला महिनोन्‌महिने मागे लागली. लोलो ऐकतील तर ना! "झोपलेल्याला उठवायचं? मग आपल्यात आणि त्या घरमालकांत फरक काय राहिला?"

डावीकडची जागा पेर्लाला आठवत नव्हती असं नाही. पण म्हाताऱ्याने सगळं उधळायचं आणि भरपाई आपण करायची, याची तिला चीड होती. शिवाय त्यांनी दिलेली आणि नंतर दुसऱ्या कुणाला न दिलेली अशी तेवढी एकच गोष्ट तिच्याकडे उरली होती. तिला ती हवी होती.

शतावरीचा हंगाम सुरू झाला आणि लोलो गेले. दफनभूमीच्या माणसाने तिला पार कालव्याच्या कडेची एक जागा दाखवली. पेर्ला तिथे उभी राहिली. लोलाची कबर तिथून दिसतसुद्धा नव्हती. मेलेल्या माणसावर इतकं चिडता येतं, हे तिला त्या दिवशी समजलं.

"राहू दे," ती त्या माणसाला म्हणाली. "माझी घ्या."

माती लोटून झाल्यावर सगळे पांगले. टोळीतले मानोंग पोल्दो तेवढे काठी टेकत मागे राहिले. "फेर्मिनला मी म्हटलं होतं, जागा देऊन बसलास, आता तुझं काय? तर म्हणाला, मला कसली काळजी, पेर्ला आहे."

"असं म्हणाले?"

"हसत होता वर."

लोलोंपुढे पेर्लाने जन्मभर हात टेकले, आणि आता तो जमिनीखाली गेल्यावरही तेच.

"पण तुझी जागा गेली की गं," पोल्दो म्हणाले. "तू कुठे जाणार?"

"बघू की," पेर्ला वैतागून म्हणाली, आणि मग तिथेच, लोला आणि लोलोंच्या मधल्या हातभर जागेत उभी राहून, ती ओक्साबोक्शी रडली.