तिसरा रकाना

जे जे मोजता येतं ते एकदा दुसऱ्या मापात बदलून पाहिल्याशिवाय त्याचा भरवसा धरू नये, अशा श्रद्धेनं जगलेला एकच माणूस मी पाहिला. तो म्हणजे माझे आतोबा. फणसवाडीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत मी नोकरीच्या निमित्तानं चार वर्षं राहिलो. हवामानाच्या कचेरीतून निवृत्त होताना लोक घड्याळ घेऊन येतात. आतोबा मोडीत निघालेला वायुभारमापक घेऊन आले. दोन हात उंचीची लाकडी पेटी, तिच्यात काचेची नळी आणि नळीत पारा. हवेचा दाब वाढला की पारा चढायचा, वादळ जवळ आलं की उतरायचा. घरात जागा नव्हती, म्हणून हे धूड गॅलरीत दाराशेजारी टांगलेलं असे. रोज सकाळी आंघोळ झाली की आतोबा त्याच्यासमोर देवासारखे उभे राहत आणि पारा किती इंचांवर आहे ते वहीत लिहीत.

पुढे सरकारनं मीटर आणि किलो आणले. सगळी वाडी कुरकुरली, पण आतोबांना उतारवयात मुलगा झाल्यासारखा आनंद झाला. इंचांना तेहतीस पूर्णांक शहाऐंशी शतांशानं गुणलं की मिलिबार मिळतात, हे ते जिन्यात माणसं अडवून सांगत. ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. चौकातल्या सभेत वक्ता गरजला, "दिल्लीवर आपला दबाव वाढतो आहे!" आतोबांनी मागून शांतपणे विचारलं, "कुठल्या मापात?" एकदा डॉक्टरांनी आत्याचा रक्तदाब तपासून "एकशे चाळीस" म्हटलं. आतोबा ताडकन म्हणाले, "ते पाऱ्याचे मिलिमीटर झाले. मिलिबारमध्ये एकशे सत्त्याऐंशी!" तो आकडा ऐकून आत्याला घेरीच आली. डॉक्टरांनी जाताना आतोबांसाठीच झोपेचं औषध लिहून दिलं.

आमच्याकडे मासळी आणायची ती वरळीची हिराबाय. तिचा नवरा होडीसकट दर्यात गेला, तेव्हा महिनाभर ती आली नाही. आली ती पाटी न उतरवता म्हणाली, "भाऊ, त्या दिशी पारा कुठं व्हता?" आतोबांनी वही पाहून जागा दाखवली. स्वतःचं कपाळ पुसलेलं, म्हणून तिनं आत्याच्या करंड्यातलं कुंकू मागितलं आणि काडीनं पेटीवर तिथं बारीक रेघ ओढली. "याच्या खाली आला की पोर जायचा नाय." नंतर रोज रेघ बघूनच ती पुढे जायची. पोरगा आईचं ऐकत नसे, पण बापाच्या रेघेचं ऐकायचा.

दिवाळीनंतर आतोबांनी पेटी खरवडून नवं पॉलिश केलं आणि इंचांच्या पट्टीवर मिलिबारची झकास कागदी पट्टी डकवली. दुसऱ्या सकाळी हिराबाय पेटीसमोर थबकली.

"भाऊ, माजी रेघ?"

"आता रेघ कशाला? हे बघ, नऊशे नव्याण्णव! उतरलाय जरा."

"त्यो आकडा मना नको. रेघेच्या वर हाय का खाली? पोराची होडी दुपारच्या भरतीला सुटतेय."

आतोबा नव्या पॉलिशवर रेघेची खूण शोधू लागले. जगातल्या कुठल्याही मापाचं दुसरं माप करणाऱ्या या माणसानं रेघ कितीवर होती हे कधी लिहूनच ठेवलं नव्हतं. मग खाटेखालच्या वह्या बाहेर आल्या. नवरा गेला ती तारीख हिराबायला ठाऊक नव्हती. "कार्तिकातली एकादस," एवढंच ती सांगत होती. जुनं पंचांग काढून तारीख लावली आणि त्या पानावर सापडलं: एकोणतीस पूर्णांक पंचावन्न इंच. आतोबा गुणाकाराला बसले, आकडे मांडले, खोडले, पुन्हा मांडले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पेन्सिल माझ्याकडे दिली. मी दोनदा गुणलं. एक हजार पूर्णांक सहा दशांश.

"खाली," आतोबा म्हणाले. "खाली आहे गं, हिराबाय."

पाटी तिथंच टाकून ती पळाली.

वादळ तसं फार मोठं नव्हतं. गेलेल्या होड्या फाटकी जाळी घेऊन परतल्या. हिराबायचा पोरगा दोन दिवस घरात फुरंगटून बसला होता म्हणे. त्या संध्याकाळी आतोबांनी आत्याचा करंडा मागून घेतला, काडीनं रेघ पुन्हा ओढली आणि वहीत इंच व मिलिबारशेजारी तिसरा रकाना आखला. त्याला नाव मात्र दिलं नाही, नुसतं लिहिलं: खाली.

पुढे पोरगा गोदीत लागला, होडी विकली, हिराबायही यायची थांबली. आतोबा गेल्यावर वह्या माझ्याकडे आल्या. शेवटच्या वर्षी त्यांना मोतीबिंदूमुळे ना पट्टी वाचता येत होती, ना पारा दिसत होता. पानोपानी इंचांचा रकाना कोरा आहे आणि मिलिबारचाही. तिसऱ्यात मात्र, बोटानं चाचपून लिहिल्यासारख्या वेड्यावाकड्या अक्षरात, रोज एकच शब्द आहे: वर. वर. वर.