बटणताई आणि साहेबांचे विनोद

माझी धाकटी मेहुणी टेलिफोन खात्यातून निवृत्त झाली, तेव्हा आता ही घरी बसून बहिणीचे कान भरणार, या धास्तीने माझी झोप उडाली होती. पण बाईंनी वेगळाच उद्योग काढला. सभांमध्ये लोकांच्या हाती मत नोंदवायची छोटी यंत्रं द्यायची आणि ती वापरायला शिकवायची. तेव्हापासून ती बटणताई. "अहो काका, पडद्यावर नेम काय धरताय? तो काही उडून जात नाही!" म्हणत ती रांगांतून फिरते. ती गंमत बघायला मी फुकट हमाली करतो.

परवा बस दुरुस्तीच्या कारखान्यात पाळीच्या वेळा ठरवायच्या होत्या. मोठे साहेब आधीच कुरकुरत होते. "दहा मिनिटांत सगळ्यांची मतं आली नाहीत, तर हात वर करून घेऊ. मग ही खेळणी पुन्हा आणायची नाहीत." बटणताईचं वर्षातलं सगळ्यात मोठं काम होतं ते.

सरावाचा प्रश्न आला: चहा की कॉफी? माणसं एकशेवीस, मतं नऊ!

"यंत्रं बिघडली की काय?" मी कुजबुजलो.

"भाऊजी, यंत्रं ठणठणीत आहेत. माणसंच घाबरलीत."

पुढच्या रांगेतला म्हातारा फिटर म्हणाला, "ताई, माझ्या यंत्रावर सतरा. हजेरीपटावरही मी सतराच. कोणी काय दाबलं ते वर कळणार, एवढं आम्हालाही समजतं!"

एकही यंत्र हरवू नये म्हणून बाईंनी हजेरीपटाच्या क्रमाने वाटप केलं होतं. अति शहाणा, त्याचा बैल रिकामा!

तिने जीभ चावली. माझ्या हातातली टोपली हिसकावून सगळी यंत्रं गोळा केली, खळखळ कालवली. "उचला हाताला येईल ते! साहेब, तुम्हीसुद्धा." आणि नवा प्रश्न टाकला: साहेबांचे विनोद कसे असतात?

पडदा उजळला. छान: शून्य. ठीक: चौदा. नोकरी आहे म्हणून हसतो: एकशेसात.

हसून हसून खुर्च्या करकरल्या. फिटर उठला. "साहेब, 'छान'ला शून्य? म्हणजे तुम्हीपण...?"

साहेब आधी लालबुंद झाले, मग पोट धरून हसत सुटले. पाळीच्या प्रश्नाला अर्ध्या मिनिटात एकशेएकवीस मतं पडली.

"पुढच्या सभेलाही याच ताई हव्यात," साहेब डोळे पुसत म्हणाले. "सरावाचा प्रश्न मात्र मी काढणार."

"काढा की," बटणताई म्हणाली. "बटणं ही मंडळीच दाबणार आहेत!"