रवंथ करणारी गाडी

गाडी सुरू करण्याआधी डॉक्टरसाहेब उजव्या पायातली चप्पल काढून सीटखाली सरकवायचे. डावी तशीच पायात. कुणी विचारलं तर अंगठा हलवून दाखवायचे. "पेट्रोल किती जायलंय ते ह्याला कळतं. चपलेला काय कळतं?" एकदा ते दूध संघाच्या सभेत एकाच चपलेनं मंचावर चढले आणि हार घालून घेऊन तसेच उतरले. कुणी काही बोललं नाही, कारण पुढच्या ओळीतल्या निम्म्या लोकांच्या म्हशी त्यांनीच बऱ्या केल्या होत्या.

देवणीच्या जनावरांच्या दवाखान्यात मी त्यांच्या हाताखाली बरीच वर्षं काढली. बैल असो की गाय, ते एकच बघायचे, खातं किती आणि कामाला किती येतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी हैदराबादच्या एका हृदयरोगतज्ज्ञाची जुनी हायब्रीड गाडी घेतली. काळीभोर, लांबलचक, आत चामड्याच्या सीटा, मागं बसणाऱ्याची पाठ दाबून द्यायची सोय. गावाला वाटलं, साहेबांना म्हातारपणी हौस सुटली. हौस कसली! ही गाडी पेट्रोल कमी खाते, एवढं ऐकूनच त्यांनी ती दारात आणून बांधली होती.

पहिल्या दिवशी बघायला गर्दी झाली. साहेबांनी व्याख्यान दिलं, "इंजिन हाय आन् बॅटरी बी हाय. ब्रेक दाबला की बॅटरी भरती. म्हंजे खाल्लेलंच परत चघळती. रवंथ करती ही." लोकांनी माना डोलावल्या. एका म्हाताऱ्यानं बॉनेटवरून हात फिरवून विचारलं, "कितव्या वेताची हाय?"

"दुसऱ्या," साहेब गंभीरपणे म्हणाले.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याच्या गाडीत बसण्यापेक्षा चालत गेलेलं बरं. साहेबांच्या गाडीत एसी लावायचा नाही, कारण तो पेट्रोल पितो. काचाही उघडायच्या नाहीत, कारण वारा गाडीला मागं ओढतो. जादा चाक त्यांनी घरी काढून ठेवलं होतं. मला एकदा जेवणाचा डबा फाटकापाशी ठेवायला लावला. "वजन कशाला वाढवता? जेवूनच यायचं." सगळ्यात हाल वहिनींचे, म्हणजे साहेबांच्या बायकोचे. एवढ्या भारी गाडीतून त्या माहेरी, देगलूरला उतरायच्या तेव्हा घामानं केस कपाळाला चिकटलेले असायचे.

देगलूरला त्यांचा भाऊ. त्याची भलीमोठी डिझेल जीप. तो म्हणायचा, "दाजी, पांढरा हत्ती बांधलाव दारात." साहेबांना ते फार लागलं होतं. शेवटी पैज ठरली. देवणीहून निघून देगलूरला पोहोचेपर्यंत गाडीच्या पडद्यावर लिटरला पंचवीस किलोमीटरची सरासरी टिकली, तर मेहुण्यानं चार माणसांत 'दाजीचं खरं' म्हणायचं. दोनदा चोवीसवर गाडं अडलं. साहेब दोन-दोन दिवस जेवणावर रुसले.

मग मेहुण्याच्या नातवाचं बारसं आलं. बाळाच्या बापाला सख्खी बहीण नव्हती, म्हणून पाळण्यापाशी कानात नाव सांगायचा मान वहिनींचा, बाळाच्या आत्याआजीचा. त्यांनी महिनाभर आधी साडी काढून ठेवली होती. बाळासाठी पितळेचं घंगाळही घेतलं होतं, ते साहेबांनी उतरवून ठेवलं. "झबलं-टोपडं न्या. हलकं असतं." मी पुढं साहेबांच्या शेजारी बसलो, वहिनी मागं.

उदगीर मागं पडलं तेव्हा पडद्यावर पंचवीस पॉइंट एक होते. साहेब श्वाससुद्धा बेतानं घेत होते. उसाचा ट्रॅक्टर आम्हाला मागं टाकून गेला. एका सायकलवाल्यानं शेजारी येऊन विचारलं, "ढकलू लागू का?" तेवढ्यात वहिनींचा फोन वाजला. भाऊ होता. "अक्का, कुठवर येलालाव? पाळणा सजवून बसलोय. बाराची वेळ हाय."

बाराला थोडाच अवकाश होता. वहिनींनी पदरानं गळा पुसला. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "चला हळूहळू. शेजारची एखादी बाई ठेवंल नाव. पोरगं काय बिननावाचं ऱ्हात न्हाई."

साहेबांनी आरशात पाहिलं. मान खाली, गजरा सुकलेला, कपाळावर केस चिकटलेले. त्यांनी गाडी कडेला घेतली, सीटखालून चप्पल ओढली, उजव्या पायात घातली आणि एसी पुरता सोडला.

"धरून बसा," ते म्हणाले.

त्यानंतर ती गाडी काय चीज आहे ते मला पहिल्यांदा कळलं. ट्रॅक्टरवाला आम्हाला जाताना बघून चक्क उभा राहिला.

वेळेवर पोहोचलो. वहिनी गार, कोरड्या, केस जागच्या जागी, माहेरच्या उंबऱ्यातून आत गेल्या. त्यांनी वाकून बाळाच्या कानात नाव सांगितलं आणि बायकांनी त्यांच्या पाठीत धपाटे घातले. मेहुणा मात्र थेट गाडीत डोकावला. "दाजी, सतराच की हो!"

साहेब म्हणाले, "जनावर सासुरवाडीला आलंय. आज खाऊ दे पोटभर."

अंगण हसलं. मेहुण्यानं बहिणीच्या कोरड्या कपाळाकडं बघितलं, मग आत गेला आणि बुंदीचा लाडू आणून बॉनेटवर ठेवला. 'दाजीचं खरं' तो तेव्हाही म्हणाला नाही. साहेबांनीही ती पैज पुन्हा काढली नाही.

साहेब जाऊन वर्ष होत आलं. परवा वहिनींबरोबर देगलूरला गेलो. नवा ड्रायव्हर होता. सीटखाली उजवी चप्पल तशीच होती, तिला हात लावायचा नाही असं त्याला बजावलेलं. ऊन चढलं तसा त्याचा हात एसीकडं गेला.

"आता नको," मागून वहिनी म्हणाल्या. "सरासरी पडती."

काचा बंद. आम्ही तिघं घामानं निथळत होतो. मला साहेबांची फार आठवण आली. लांबून देगलूरची घरं दिसली तसा वहिनींनी पदर सारखा केला, केसांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "हं. आता लाव."